भुर्र म्हणजे जाऊन येणं

कौसाबाई, तुमचे पळायचे बूट अजून आमच्याच पायरीवर आहेत. डावा जरा तिरका, तुम्ही काढून ठेवायचात तसाच. झाडताना मी केरसुणी त्यांच्या कडेकडेनं फिरवते. सुनंदानं एकदा विचारलं, आत्याबाई, आत ठेवू का? तुमचीच लेक ती, विचारताना तोंड दुसरीकडं होतं. मी म्हणलं, राहू दे. एवढं बोलून मी गप बसले, यावरून समजून घ्या माझं काय झालंय ते.

गेलेल्या माणसाशी बोलू नये म्हणतात, त्याचा जीव घुटमळतो. घुटमळला तर घुटमळू द्या थोडा. जिवंतपणी तुम्ही कुठं घुटमळलात? आलात की निघालात, बसलात की उठलात. आपण दोघी विहिणी, एका पोरीच्या दोन आज्या, मधे दोन घरं सोडून राहणाऱ्या, आणि मला तुमच्याशी पुरतं बोलायला कधी मिळालंच नाही. तुम्ही ऐकलं तर हसाल. "इहीणबाई, तुमची जीभ दमत नाय का वो?" असं तुम्ही किती वेळा विचारलं असेल. नाही दमत. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून आणि एसटीच्या बोर्डांवरून गोळा केली, म्हणून लिहिते तेही बोलल्यासारखंच. चालवून घ्या.

तुम्ही गेलात ती भर उन्हाळ्यातली दुपार. खानावळीतल्या भाकरी थापून आलात, चार घास खाल्लेत, खोलीत चटईवर आडव्या झालात, आणि चहाच्या वेळी मी हाक मारली तर ओ आली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच काळीज थांबलं, कळलंही नसेल. सगळ्यांना बरं वाटलं ते ऐकून. मला नाही वाटलं. जाणाऱ्याच्या तोंडात आपल्याकडं पाणी घालतात. वैरी असला तरी घालतात. तुमच्या तोंडात कुणी घातलं नाही, कौसाबाई. पाण्यावाचून गेलात तुम्ही, आणि पाण्याचा आणि तुमचा किती जुना मामला, ते मला ठाऊक.

वर लोकांची तोंडं. दहाव्याला आलेल्या बायका भिंतीला टेकून म्हणत होत्या, या वयात पळायचं म्हणजे काय खेळ आहे, पळून पळून गेली बाई. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग म्हणलं, पळताना नाही गेल्या, झोपेत गेल्या. तुम्ही सगळ्यांनी झोपायचं सोडून द्या आता. एकजण पदराआड हसली. तुम्ही असतात तर मोठ्यानं हसला असतात.

पण ते सगळं सोसलं असतं मी. सोसत नाही ते आपल्या नातीचं, मुक्ताचं.

तुम्हाला आमच्या अंगणात ठेवलं होतं तेव्हा ती घाबरून रडत होती. एवढी माणसं, एवढा आकांत, आणि तिची आजी मधोमध निजलेली, कुणी उठवत नाही. शेजारच्या मंदाताईंनी तिला कडेवर घेतलं. चांगलं माणूस, मायेनंच बोलल्या त्या. म्हणाल्या, "रडू नको गं, आजी भुर्र गेली." आणि मुक्ता रडायची थांबली. डोळे पुसले, खाली उतरली, आणि दारात पायरीवर तुमच्या बुटांशेजारी जाऊन बसली.

तेव्हापासून रोज सकाळी बसते.

हा भुर्र शब्द तिला मीच दिलेला. आपल्या दोघींचं सगळ्यांत मोठं भांडण असल्याच शब्दांवरून, आणि ते मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, तरी ऐका.

तुमची मेंढरं विकली त्या दुष्काळात तुम्ही शहरात आलात. चितेगावच्या पलीकडं तुमचा वाडा बसायचा, मेंढरांचा वाडा, काटेरी कुंपणाचा. चारा नाही, पाणी नाही, आणि चरायच्या रानात एकेक करून कंपन्यांची कुंपणं आलेली. सुनंदा तेव्हा आमच्या घरात नवी होती. माझा लेक म्हणाला, मामींनी आपल्यातच राहावं. तुम्ही म्हणालात, लेकीच्या घरी राहायला मी काय पाहुणी की आश्रित? गारखेड्यात आमच्याच गल्लीत खोली घेतलीत आणि पोरांच्या खानावळीत भाकरीच्या कामाला लागलात. आमच्याकडं यायचात, पण पाण्याची बाटली काखेत घेऊन. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तुमचा नेम. मी म्हणायची, अहो, असले नेम सुकाळातले. आता नळ आठवड्यानं येतो, टँकरच्या पाण्यात कसलं लेकीचं आणि कसलं सुनेचं? तुम्ही बाटलीचं बूच उघडून दोन घोट घ्यायचात आणि म्हणायचात, "नेम दुष्काळातच पाळायचा असतो. सुकाळात कोण बी पाळतंय."

मला तुमचा राग यायचा तेव्हा. आमच्या घरचा चहासुद्धा नाही घेतलात इतकी वर्षं. खरं सांगते, मान म्हणून नाही, अपमान म्हणून घ्यायची मी ते.

आणि त्याच दुष्काळात तुम्ही पळायला लागलात. सुरुवात टँकरनं झाली. टँकर आमच्या गल्लीत यायचा सोडून मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहिला. सगळ्या बाया घागरी, बादल्या घेऊन धावल्या. तुम्ही मागं होतात. लुगड्याचा कासोटा आवळलात, काखेत घागर, आणि तरण्याताठ्या पोरींना मागं टाकून पहिल्या नंबरानं नळीजवळ. मी फाटकातून ओरडले, "अहो विहीणबाई, कोण लागलंय मागं?" तुम्ही म्हणालात, "मागं तुम्हीच राहिल्यात, लागणार कोण?"

रांगेत खेळाच्या मॅडम होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी मैदानावर दहा-बारा बायकांना घेऊन पळायच्या. आधी कुणी डॉक्टरनं साखर आहे म्हणून पाठवलेल्या, कुणी गुडघ्याच्या भीतीनं, मग गोडी लागलेल्या. शहर वाढत होतं तशा बायकाही बाहेर पडत होत्या. कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी नवऱ्याचा टी-शर्ट घालून. मॅडमनी तुमच्या हातातली घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, मावशी, उद्या मैदानावर या. तुम्ही विचारलंत, तिथं पाणी सुटतं का? मॅडम नाही म्हणाल्या. मग कशाला पळायचं, म्हणालात.  तरी तुम्ही गेलात. पाण्यासाठी नाही, मेंढरामागं नाही, कुत्र्याच्या भीतीनं नाही. जन्मात पहिल्यांदा कशासाठीही नाही, नुसतं पळून बघितलंत, आणि परत आलात तेव्हा तुमची चर्याच निराळी. मला म्हणालात, "इहीणबाई, रिकाम्या हातानं पळायला लई हलकं वाटतंय वो."

पुढं बूट आले. पहिल्या दिवशी पाय कोंडल्यासारखा झाला म्हणून हातात घेऊन पळालात. मग एक फेरी, मग बायपासपर्यंत, मग दौलताबादच्या रस्त्याला. सुटीच्या दिवशी मॅडमची बायकांची फौज पहाटे निघायची आणि उन्हं चढायच्या आत परत. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं गाडी तुमच्याजवळ थांबवली. लुगडं, खाली बूट, घामानं निथळणारी म्हातारी. त्याला वाटलं काही अघटित घडलंय. म्हणाला, आज्जी, कुठं सोडू? तुम्ही पळता पळताच सांगितलंत, घरून आले, घरीच चाललेय. तो बिचारा बराच वेळ तुमच्या मागं हळूहळू गाडी चालवत राहिला, म्हातारी सुखरूप पोचते की नाही बघायला. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी इतकी हसले की सुनंदा धावत बाहेर आली. ती तेव्हा पोटुशी होती.

त्या वाटेवरची शहराची नवी घरं मला दिसतात. तुम्हाला त्यांच्या खालचं, मेंढरांमागं फिरलेलं रान दिसायचं. मोबाईलच्या दुकानाशी तुमची काळी मेंढी व्यालेली, पेट्रोल पंपाशी बाभळीचं बन, मंगल कार्यालयाच्या जागी पाझर. मी म्हणायची, आता शहराचं नावसुद्धा बदललं, तुम्ही अजून पाझर शोधताय. तुम्ही म्हणायचात, "नाव बदललं म्हणून जमीन इसरती का?"

मग मुक्ता झाली. बाराव्या दिवशी, पोरीला पाळण्यात घातल्यावर, तुम्ही बाटली न घेता आलात. सगळ्यांच्या देखत पायरीवर बसलात आणि सुनंदाला म्हणालात, "बाय, पाणी दे." सुनंदानं तांब्या भरून दिला. तुम्ही एका दमात रिकामा केलात.   तो तांब्या मी अजून वापरत नाही, वर ठेवलाय. इतकी वर्षं माझ्या मनात जो राग होता तो त्या एका तांब्यात विरघळला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता सांगते.

पोरगी मोठी व्हायला लागली आणि आपली खरी जुंपली.

मी आपली साधी बाई. लेकराशी लेकरासारखं बोलायचं, हेच मला ठाऊक. आमच्या घरात पाण्याला मम, झोपेला गाई, गाईला हम्मा, आणि बाहेर जाण्याला भुर्र. माझा लेक ह्याच शब्दांवर वाढला. तुम्हाला ते अजिबात खपत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, पोरीला एकच गोष्ट दोनदा शिकायला लावताय. आधी मम शिकायचं, मग ते विसरायचं, मग पाणी शिकायचं. एकदाच खरं सांगा की. मी म्हणायची, दात यायच्या आधी भाकरी देतं का कुणी? आधी मऊ भात. तुम्ही म्हणायचात, कोकराला मऊ गवत कोण निवडून देतंय?

कोकरं तुमच्या प्रत्येक बोलण्यात. संध्याकाळी वाड्यात मेंढरं परत आली की सगळ्या आया ओरडायच्या, सगळी कोकरं ओरडायची, माणसाला काही कळू नये असा गलका. आणि त्यातून प्रत्येक कोकरू बरोबर आपल्या आईच्या पोटाखाली. तुम्ही म्हणायचात, आधी कान, मग तोंड. लेकरू बोलत नसतं तेव्हा ते सगळं भरून घेत असतं. वाया काही जात नाही.

पण मुक्ता बोलेना. वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिच्या वयाची शेजारची पोर गाणी म्हणायला लागली, आमची नुसती बघायची. बोट दाखवायची, ओढत न्यायची, हसायची, पण शब्द नाही. गल्लीत कुणीतरी म्हणालं, मुक्ता नाव ठेवलं की मुकी? सुनंदा ते ऐकून घरात येऊन रडली. डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले होते. म्हणाले, बोलत राहा, बोलेल. मी तिच्या जिभेला वेखंड आणि मध लावलं. आणि बोलत राहा म्हणाल्यावर तर मला काय, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंड सुरू. ही बघ चिऊ, हा बघ काऊ, मम पाहिजे का, हो मम पाहिजे, घे मम.

तुमची रीत उलटी होती. तुम्ही थोडकं बोलायचात, आणि मग थांबायचात. पळून आलात की पायरीवर बसायचात, बूट काढायचात, मुक्ताकडं बघून म्हणायचात, "पाणी." एवढंच. बोट दाखवायचं नाही, माठाकडं बघायचं नाही. आणि मग नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत बसायचात, जणू ती आता उत्तर देणार. मला ती शांतता सोसायची नाही. मी मधेच म्हणायची, अगं जा, आजीला मम आण. तुम्ही माझ्याकडं न बघता हात वर करायचात. गप, म्हणून. मग कधीतरी मुक्ता उठायची, डुलत डुलत आत जायची, आणि तिचा छोटा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून आणायची. निम्मं पाणी वाटेत सांडलेलं. पुढं दुसरा दुष्काळ आला, माठ अर्धा राहायला लागला, तरी सांडलेल्या पाण्यावरून तिला कुणी बोललं नाही.

एकदा मी चिडून म्हणलं, तुमचं पाणी पाणी ऐकून तरी कुठं बोलतेय ती? तुम्ही टाचा चोळत होतात. म्हणालात, "इहीणबाई, राग मानू नका. तुम्ही कुठं जागा ठेवता तिला? तुमचं बोलणं म्हंजे भरलेली एसटी. लेकरानं चढायचं कुठून?"

राग आला. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. म्हणजे मी आपलं मनात बोलत होते.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. बाकी शब्द जाऊ द्या, म्हणालात, पण हे भुर्र म्हणजे नक्की काय? जाणं, का उडणं, का पळणं? अर्थ नाही तो शब्द लेकराच्या पदरात कशाला घालता? मी तुम्हाला ठणकावून सांगितलं, अर्थ आहे. भुर्र म्हणजे नुसतं जाणं नव्हे. भुर्र म्हणजे जाऊन परत येणं. लेकराला भुर्र नेतात ते घरी आणण्यासाठीच. जाणं आणि येणं दोन्ही त्या एका शब्दात आहे, तुमच्या शुद्ध भाषेत आहे का असा शब्द? तुम्ही जरा विचार केलात आणि हसलात. पहिल्यांदा माझं काही तुम्हाला पटलं. म्हणालात, "आसं व्हय? मग मी रोज भुर्र."

त्याच दिवशी पैज लागली. मुक्ता आधी माझा शब्द बोलली तर तुम्ही एक दिवस पळणं सोडून, खानावळीला सुटी घेऊन, माझ्याजवळ बसायचं आणि मी बोलेन ते सगळं मधे न तोडता ऐकायचं. तुमचा शब्द आधी आला तर मी मैदानाची एक फेरी मारायची. "पळत," तुम्ही बजावलंत. "चालत नाय. आन् मी शेजारी आसंन." तुम्ही मला कायम म्हणायचात, चला हो, एक दिवस चला. आणि मी म्हणायची, उद्या.

मग ती दुपार आली, आणि अंगणात मंदाताईंनी तो शब्द उच्चारला.

आता सांगा, मुक्तानं काय समजायचं? तिला मीच शिकवलं होतं. आजी रोज पहाटे भुर्र जाते आणि उन्हं पायरीवर आली की येते. तिच्या लेखी सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं, फक्त आजीला जरा उशीर होत होता. एकाच गोष्टीचा तिला मेळ लागत नव्हता. ती एक बूट उचलायची, रस्त्याकडं बघायची, परत ठेवायची. बूट इथं आणि आजी भुर्र, हे कसं?

घरात कुणाच्यानं काही सांगवेना. सुनंदा म्हणायची, विसरेल हळूहळू. माझा लेक म्हणायचा, देवाघरी गेली म्हणून सांगू. मी म्हणलं, म्हणजे ती देवाच्या घरून परत यायची वाट बघत बसेल. घर म्हटल्यावर माणूस परत येणारच ना. मी माझे सगळे शब्द काढून बघितले, कौसाबाई. इतकी बोलणारी बाई मी. गेली, निघून गेली, तारा झाली, झोपली. एकेक शब्द उलटा करून बघितला, प्रत्येकाला मागं दार होतं. तिथून आत यायला मुक्ता तुमची वाट बघत राहिली असती. तुमच्याच भाषेतला शब्द लागणार होता. मऊ केलेला नाही, चावून दिलेला नाही.

परवा सकाळी उन्हं पायरीवर आली आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले. बूट आमच्या मधे. तिनं डावा उचलला. मी म्हणलं, "मुक्ता, आजी भुर्र गेली नाही. आजी मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. आपण कितीही बसलो तरी येत नाही."

आणि मग मी गप बसले.

मी ठरवून नाही बसले गप. माझ्याजवळ पुढं काही नव्हतंच. समजूत घालायला शब्द नव्हता, ही बघ चिऊ म्हणायला तोंड नव्हतं. मुक्ता माझ्याकडं बघत होती, जशी तुमच्याकडं बघायची तशी. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. टँकर आल्याचा हॉर्न वाजला, मंदाताई बादल्या घेऊन पळाल्या, मी उठले नाही.  तिला किती कळलं ते मला माहीत नाही.

मुक्तानं बूट खाली ठेवला. डावाच, तिरका. उठून आत गेली. माठाचं झाकण वाजलं. पेला दोन्ही हातांत धरून आली, निम्मा सांडत, आणि तो तिनं माझ्याकडं नाही आणला. तुमच्या बुटांसमोर ठेवला. आणि म्हणाली,

"पाणी."

स्वच्छ. बोबडं नाही, तोतरं नाही. ण सुद्धा बरोबर. आत सुनंदाच्या हातून काहीतरी खाली पडलं. ती धावत दारात आली आणि तिथंच उभी राहिली. आम्हा दोघींपैकी कुणालाही हसावं का रडावं कळेना. ज्या शब्दाची घरानं दोन वर्षं वाट बघितली, तो आला तेव्हा ज्याचा होता ते माणूस नव्हतं.

तुमच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं होतं ना, कौसाबाई? घातलं. ज्या घराचं पाणी तुम्ही इतकी वर्षं घेतलं नाहीत त्याच घराचं, आणि ज्या लेकराच्या येण्यानं तुमचा नेम सुटला त्याच्याच हातचं. यापेक्षा चांगलं पाणी कुणाला मिळालंय मला माहीत नाही. तरी छातीत जी कळ येते ती येतेच.

आणि मी पैज हरले.

काल पहाटे मैदानावर गेले. सुनंदा म्हणाली, आत्याबाई, असल्या पैजा कोण पाळतं? मी म्हणलं, तुझी आई. चपला काठावर काढल्या. तुमचे बूट मला होत नाहीत, आणि होत असते तरी घातले नसते. मॅडम आणि त्यांच्या बायका होत्या. मला बघून त्या वाटेतून बाजूला झाल्या. मी पदर खोचला आणि निघाले. पळाले म्हणणं तुम्हाला पटणार नाही. पण चालत नव्हते. निम्म्यात बरगड्या दुखायला लागल्या, घसा कोरडा पडला, आणि तुम्हाला शिव्या घालाव्यात म्हणून तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. नुसता श्वास. पळताना माणसाला बोलता येत नाही, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आत्ता कळलं इतकी वर्षं मला चला चला का करत होतात ते.

तुम्ही म्हणाला होतात, मी शेजारी असेन. शेजारी कुणी नव्हतं. उजव्या हाताला जागा ठेवून मी फेरी पुरी केली.

पैज हरले तरी आज तुम्हाला माझं सगळं ऐकावं लागलं, मधे एकदासुद्धा तोडता आलं नाही. अशी जिंकायची नव्हती मला. तुम्ही हात वर करा ना एकदा. गप म्हणा.

काल मैदानावरून परत आले तेव्हा उन्हं पायरीवर पोचली होती. मुक्ता बसली होती. मला बघून उठली नाही, हसली नाही. आधी माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, थोडा वेळ, मग माझ्याकडं. माझे पाय मातीनं भरलेले, लुगडं घामानं चिकटलेलं. तिनं विचारलं, "भुर्र?"

माझाही शब्द आला शेवटी. मी म्हणलं, व्हय गं बाय. भुर्र. जाऊन आले.

तिच्या पुढ्यात दोन पेले होते. एक तिनं मला दिला, मी बसून प्यायले. दुसऱ्याला मी हात लावला तर तिनं माझा हात बाजूला केला. तो अजून पायरीवर आहे, तुमच्या बुटांशेजारी. धूळ पडू नये म्हणून सुनंदानं वर ताटली झाकली आहे.